झ्लीन: बूट गेले, गाव राहिलं

उंबरठा (धागाकर्ता)

जून उजाडला की शाळेच्या काळ्या बुटांसाठी ज्या दुकानात आपल्यातल्या कितीतरी जणांची पावलं मोजली गेली, त्या बाटा कंपनीचं मूळ गाव झ्लीन. चेक प्रजासत्ताकाच्या मोराविया भागात, द्र्झेवनित्से नदीच्या खोऱ्यात, टेकड्यांच्या कुशीत वसलेलं. आजची वस्ती पाऊण लाखाच्या आसपास. मी ब्रनोला राहतो. तिथून झ्लीन शंभरेक किलोमीटरवर, त्यामुळे वरचेवर जाणं होतं. या गावाचा माझ्यावर एवढा परिणाम झाला आहे की त्याबद्दल सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

१८९४ मध्ये आंतोनीन, आन्ना आणि तोमाश या तीन भावंडांनी इथे बुटांचा कारखाना काढला. घराणं पिढ्यान् पिढ्या जोडे शिवणाऱ्यांचं. भांडवल म्हणजे आईच्या वारशाचे ८०० गुल्डन. गाव तीनेक हजार वस्तीचं. वर्षभरातच कर्ज गळ्याशी आलं. चामडं घ्यायला पैसे नाहीत, म्हणून त्यांनी कापडाचे हलके बूट शिवायला घेतले, आणि ते स्वस्त बूट गरिबांनी उचलून धरले. पुढे १९०४ मध्ये तोमाश अमेरिकेत लिन या गावी गेला. मॅसॅच्युसेट्समधलं लिन तेव्हा बुटांसाठी नावाजलेलं होतं. तिथल्या कारखान्यात त्याने स्वतः मजुरी केली, यंत्रांवरचं काम डोळ्यांखालून घातलं आणि परत येऊन ते झ्लीनमध्ये सुरू केलं. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या सैन्याच्या बुटांचं कंत्राट मिळालं आणि कामगारांची संख्या हजारांत गेली.

युद्ध संपलं, मागणी आटली, गोदामं तुंबली. तेव्हाचा त्याचा निर्णय आजही व्यापार शिकवणारे लोक सांगतात. १ सप्टेंबर १९२२ पासून बाटाने बुटांच्या किमती निम्म्यावर आणल्या. त्याच वेळी कामगारांचे पगार ४० टक्के कापले आणि त्यांना धान्य, कपडे, रोजच्या वस्तू कंपनीच्या दुकानांतून निम्म्या भावात द्यायचं ठरवलं. प्रतिस्पर्ध्यांना वाटलं, हा बुडाला. पण दुकानांपुढे रांगा लागल्या. पुढच्याच वर्षी नगरपालिकेच्या निवडणुकीत त्याच्या यादीला ३० पैकी १७ जागा मिळाल्या आणि तोमाश बाटा गावाचा महापौर झाला. कारखाना आणि गाव एकाच माणसाच्या हाती आले.

खरं झ्लीन इथून सुरू होतं. झ्लीनमध्येच जन्मलेला वास्तुरचनाकार फ्रांतिशेक गाहुरा आणि पुढे व्लादिमीर कार्फीक यांनी सगळं गाव एका मापावर बसवलं. माप ६.१५ मीटर बाय ६.१५ मीटर. काँक्रीटचे खांब या अंतरावर उभे करायचे, मधल्या जागी लाल विटा आणि काचा भरायच्या. कारखाना त्याच मापाचा, शाळा त्याच मापाची, वसतिगृहं आणि दहा मजली दुकानही त्याच मापाचं. एक साचा पुन्हा पुन्हा वापरल्यामुळे इमारती काही महिन्यांत उभ्या राहायच्या. कारखान्यातल्या इमारतींना नावं नाहीत, आकडे आहेत: पहिला अंक रांगेचा, दुसरा रांगेतल्या जागेचा. म्हणजे २१ ही दुसऱ्या रांगेतली पहिली इमारत.

कामगारांसाठी टेकड्यांच्या उतारांवर लाल विटांची, सपाट छपरांची छोटी घरं. बरीचशी जोडघरं, काही चार कुटुंबांची. मध्ये कुंपणं नाहीत, आजूबाजूला झाडं. काम सगळ्यांनी एकत्र करावं आणि राहावं मात्र प्रत्येकाने स्वतंत्र, हा बाटाचा आग्रह होता. १९२७ मध्ये इस्पितळ आलं, १९३२ मध्ये मोठं सिनेमा थिएटर.

त्याच १९३२ च्या जुलैत, १२ तारखेला, दाट धुक्यात शेजारच्या ओत्रोकोवित्से गावच्या विमानतळावरून स्वित्झर्लंडला निघालेलं त्याचं युंकर्स विमान कोसळलं. तोमाश आणि वैमानिक दोघेही गेले. धंदा सावत्र भाऊ यान आंतोनीन बाटाकडे आला आणि जगभर पसरला. २१ क्रमांकाची ७७.५ मीटर उंच इमारत त्याच्याच काळातली, १९३८ मध्ये पूर्ण झालेली. तिच्यात साहेबांचं ऑफिस लिफ्टमध्ये होतं. अख्खी सहा मीटरची खोली, आत टेबल, फोन, गरम-गार पाण्याचं बेसिन, आणि ती खोली मजल्यामजल्यांवर जायची.

मग जर्मनांचा ताबा, नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकी विमानांचा बॉम्बहल्ला, १९४५ मध्ये राष्ट्रीयीकरण. १९४९ मध्ये कम्युनिस्ट राष्ट्राध्यक्ष गोटवाल्डच्या नावावरून गावाचं नाव गोटवाल्डोव झालं आणि कंपनीचं स्वित. जुनं नाव परत यायला १९९० उजाडलं. स्वितने चाळीस वर्षं बूट केले, पण बाजार खुला झाल्यावर ती टिकली नाही. २००० च्या सुमारास तो मोठा कारखाना संपला.

माझं म्हणणं एवढंच की झ्लीनच्या बांधणीतच त्याचं पुढचं आयुष्य होतं. त्या ६.१५ मीटरच्या चौकटीत आत काय चालावं याचं बंधन नव्हतं. म्हणून आज २१ मध्ये प्रांताचं सरकारी कार्यालय आहे, १४ आणि १५ मध्ये २०१३ पासून संग्रहालय, कलादालन आणि ग्रंथालय आहे, आणि २००१ पासून गावाला तोमाश बाटाच्या नावाचं विद्यापीठ आहे. ज्यांनी कारखान्यांची गावं पाहिली आहेत, तिथे वाढले आहेत, त्यांनी कृपया लिहावं.

निशिगंध

फार सुंदर लिहिलंत. एकाच मापाची इमारत म्हटलं की मला रुक्ष वाटतं. तिथे प्रत्यक्ष उभं राहिल्यावर कसं वाटतं? आणि बाया काय करायच्या त्या कारखान्यात?

उंबरठा

निशिगंधताई, रुक्ष अजिबात वाटत नाही. कारण विटांचा रंग, भरपूर काच आणि मधल्या हिरवळी. गाहुराच्या मनात बागांमधलं गाव होतं आणि ते दिसतं. शिवणकामाच्या खात्यांत बायका-मुली मोठ्या संख्येने होत्या. मुलांसाठी आणि मुलींसाठी वेगळी वसतिगृहं होती. चौदा वर्षांची पोरं गावोगावहून यायची, दिवसा कारखान्यात काम करायची, संध्याकाळी बाटाच्या कामशाळेत शिकायची. ही शाळा १९२५ ची. मिळालेल्या पैशांचा हिशेब त्यांनी स्वतः ठेवायचा, त्यातून राहणं-खाणं भागवायचं आणि वर शिल्लक टाकायची, अशी सक्ती होती.

खडकवासला_७१

लेख माहितीपूर्ण आहे, पण धागाकर्त्याने एक बाजू हलकी केली आहे असं माझं स्पष्ट मत आहे. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या घरातला मी मुलगा आहे, म्हणून हे लिहिणं मला भाग आहे.

ते लाल विटांचं घर कामगाराच्या मालकीचं नव्हतं. भाडं कमी, घर नीटनेटकं, सगळं कबूल. पण नोकरी गेली की घर गेलं. दुकान कंपनीचं, इस्पितळ कंपनीचं, शाळा कंपनीची, वर्तमानपत्र कंपनीचं, आणि महापौर म्हणजे मालक. अशा गावात तक्रार घेऊन जायचं कुणाकडे? संघटना करू पाहणाऱ्याला, कम्युनिस्ट म्हणून ओळखल्या गेलेल्याला तिथे थारा नव्हता. कर्मचारी खात्याकडे माणसांच्या वागणुकीच्या, घरगुती सवयींच्या नोंदी असायच्या. १ मेचा कामगार दिनसुद्धा कंपनीच साजरा करायची, मिरवणूक आणि मालकाचं भाषण यांसह. कामगारांनी लढून मिळवलेला दिवस मालकाने आपल्या हातात घेतला, हे मला फार मोठं वाटतं.

आणि १९२२ ची ती गोष्ट. किमती निम्म्या केल्या त्याचं कौतुक सगळे करतात. ४० टक्के पगार कापला त्या घरातल्या बाईने महिना कसा काढला, हे कुणी सांगत नाही.

उंबरठा

खडकवासला, तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे आणि ते या धाग्यात असायलाच हवं. कारखान्याच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत घोषवाक्यं असत. त्यांतलं एक होतं, ‘दिवसाला ८६,४०० सेकंद असतात.’ ते रोज वाचत कामाला जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर केवढा भार असेल, हे मलाही जाणवतं.

त्याच्या जोडीला १९२४ पासूनची खात्यांची पद्धतही पाहावी. प्रत्येक खातं स्वतंत्र धंदा असल्यासारखं चालायचं. आधीच्या खात्याकडून ठरल्या भावात माल ‘विकत’ घ्यायचा, आपलं काम करून पुढच्या खात्याला ‘विकायचा’. दर आठवड्याला हिशेब लागायचा. नफा झाला तर त्या खात्यातल्या लोकांना वाटा. अर्धा हातात, अर्धा कंपनीतल्या खात्यावर, त्यावर १० टक्के व्याज. साध्या कामगारालाही आपल्या टेबलावरच्या तुकड्याची किंमत कळत होती. त्या काळात एवढा हिशेब कामगारापुढे उघडा ठेवणारे कारखानदार मोजकेच असतील.

दोन्ही गोष्टी एकाच भिंतीआड चालू होत्या. मला त्यांतली एक निवडता येत नाही.

खडकवासला_७१

हिशेब उघडा होता, हे मान्य. पण भाव कोण ठरवायचं? वरचं ऑफिस. खात्याला नफा होणार की तोटा, हे त्या ठरवलेल्या भावातच आलं. माझा आक्षेप तिथे आहे.

रापी

मी कोल्हापूरचा. आमचं घर चर्मकाराचं, आजोबा आणि वडील दोघांनी आयुष्यभर पायताणं केली. हा धागा वाचताना सारखं एकच डोक्यात येतंय, म्हणून लिहितो.

तोमाश बाटा स्वतः जोडे शिवणाऱ्याच्या घरात वाढला. त्याला कातडं हातात घेतल्यावर कळत असणार की हे पाठीचं का पोटाचं, किती ताण सोसेल. आणि त्यानंच ते काम अशा तुकड्यांत तोडलं की अख्खा जोडा एका माणसाला येणं गरजेचंच राहिलं नाही. एकानं दिवसभर टाचा ठोकायच्या, एकानं दिवसभर शिवण घालायची. १९२७ पासून तर सरकत्या पट्ट्यावर. त्या देशातल्या गावोगावच्या जोडे करणाऱ्यांचं काय झालं असेल, हे मला कुणी सांगायची गरज नाही. स्वस्त जोडा दुकानात आला की आधी नवं काम जातं, मग दुरुस्ती उरते.

आमच्याकडं कोल्हापुरी करताना कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात. त्याला दिवस लागतात. मग रापीनं कापणं, आरीनं भोकं पाडणं, वादीनं शिवणं, वेणी विणणं. वेणीचं नाजूक काम घरातल्या बायकांच्या हातचं. एका जोडामागं सगळं घर असतंय. २०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडच्या जिल्ह्यांना. आनंद झाला. पण ज्यानं वादी ओढली त्याच्या हातात त्या जोडाच्या किमतीतलं किती येतं, हा प्रश्न तसाच आहे.

मी बाटाला शिव्या देत नाही. ज्यांच्या पायात आयुष्यात काही नव्हतं त्यांच्या पायात त्यानं काहीतरी घातलं, ही गोष्ट लहान नाही. अनवाणी चालण्याचं दुःख काय असतंय हे आमच्या लोकांइतकं कुणाला ठाऊक? जगाच्या पायात घालायचं आमच्या हातनं आणि आमच्याच मागच्या पिढ्यांना गावात पायात घालून फिरायची चोरी. म्हणून झ्लीनसारखं, जिथं जोडे करणारा माणूस महापौर झाला, असं गाव जगात होतं, हे वाचून ऊर भरून आला. तेवढं खरं सांगतो.

निशिगंध

रापीदादा, तुमचा प्रतिसाद परत परत वाचला. शेवटचा परिच्छेद तर जन्मभर लक्षात राहील.

उंबरठा

रापी, मनापासून आभार. छोट्या कारागिरांबद्दल तुमचा अंदाज खरा आहे. बाटाने नवे जोडे विकण्यावर समाधान मानलं नाही. आपल्या दुकानांतच दुरुस्तीही सुरू केली, पायांची निगा राखायची सोय केली. त्यामुळे गावोगावच्या जोडेवाल्यांकडे दुरुस्तीही उरेना. त्यांनी चेकोस्लोव्हाकियात आणि शेजारच्या जर्मनीतही बाटाविरुद्ध जोरात आवाज उठवला होता.

हुगळीकाठ

इथे बाटानगरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वडिलांची नोकरी कोलकात्यात होती. आम्ही बजबज लाइनवर नुंगीजवळ राहायचो, आणि बाटानगरला जायचं ते याच स्टेशनवरून.

तोमाश बाटा १९३१ च्या शेवटी स्वतःच्या विमानाने आशियाच्या दौऱ्यावर निघाला आणि कोलकात्यापर्यंत आला होता. सुरुवातीचं काम हुगळीच्या पलीकडच्या काठावर कोन्नगरला झालं. मग १९३४ मध्ये महेशतल्याजवळ बाटानगरची पायाभरणी झाली. तोवर तोमाश हयात नव्हता. झ्लीनहून माणसं आली, यंत्रं आली, आणि गाव वसवायची पद्धतही आली: कारखाना, त्याला लागून वसाहत, शाळा, मैदान, क्लब. लहानपणी मला त्या वसाहतीतले सरळ रस्ते फार आवडायचे. आजूबाजूच्या दाट, वळणावळणाच्या वस्तीतून तिथे शिरलं की हवाच वेगळी वाटायची. पूजेच्या दिवसांत मात्र तो फरक पुसला जायचा. तिथे बंगाली, बिहारी, उडिया घरं शेजारी शेजारी होती आणि कारखान्याचा भोंगा सगळ्यांचं घड्याळ होता.

आता कारखान्याच्या जमिनीचा मोठा भाग नव्या निवासी टाउनशिपकडे गेला आहे. कारखाना आहे, पण पूर्वीचा पसारा नाही.

उंबरठा, झ्लीनच्या अशा किती लेकी जगात आहेत?

उंबरठा

बऱ्याच. इंग्लंडमध्ये ईस्ट टिलबरी, फ्रान्समध्ये बाटाविल, स्वित्झर्लंडमध्ये मोएलिन, नेदरलँड्समध्ये बेस्ट, आजच्या क्रोएशियात बोरोवो, कॅनडात बाटावा. स्लोव्हाकियातलं पार्तिझान्स्के आधी बाटोवानी होतं. ब्राझीलमध्ये यान आंतोनीनने वसवलेल्या गावांची नावं बाटातुबा, बाटाग्वासू अशी आहेत. त्याचं आयुष्य हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे. १९४७ मध्ये त्याच्या गैरहजेरीत खटला चालवून त्याला १५ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. तो १९६५ मध्ये ब्राझीलमध्येच वारला, आणि चेक न्यायालयाने तो निकाल पुसला तो २००७ मध्ये.

कंपनी स्वतः झ्लीनला कायमची परतली नाही. तोमाशचा मुलगा, त्याचंही नाव तोमाश, युद्धकाळापासून कॅनडात होता. १९८९ च्या डिसेंबरात राजवट बदलल्यावर तो झ्लीनला आला, तेव्हा त्याला पाहायला गाव लोटला होता. आता कंपनीचं मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये लोझानला आहे.

ताम्हण

झ्लीनच्या माणसांबद्दल थोडी भर घालते.

नाटककार टॉम स्टॉपर्ड यांचा जन्म १९३७ चा, झ्लीनचा. जन्मनाव तोमाश श्ट्रॉइसलर. वडील बाटाच्या इस्पितळात डॉक्टर, कुटुंब ज्यू. १९३९ मध्ये जर्मन सैन्य आलं त्या सुमारास कंपनीने आपल्या अनेक ज्यू कर्मचाऱ्यांना परदेशातल्या शाखांवर पाठवलं, त्यांत हे कुटुंब सिंगापूरला गेलं. १९४२ मध्ये तिथून निसटताना वडील गेले. आई दोन मुलांना घेऊन भारतात आली, आणि दार्जिलिंगमध्ये तिने चालवलेलं दुकान बाटाचंच. मुलं तिथल्याच शाळेत शिकली. झ्लीनच्या कंपनीचं जाळं एका कुटुंबाला असं दार्जिलिंगपर्यंत घेऊन आलं.

दुसरा एमिल झाटोपेक. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन, तिन्ही सुवर्णं जिंकणारा. तो बाटाच्या कामशाळेतला मुलगा. १९४१ मध्ये कंपनीच्या लोकांनी त्याला झ्लीनमधल्या शर्यतीत त्याच्या मनाविरुद्ध पळायला लावलं. तो दुसरा आला, आणि तिथून धावायला लागला.

आणि सिनेमा. १९३६ मध्ये जाहिरातपटांसाठी बाटाने कुडलोवच्या टेकडीवर स्टुडिओ बांधला. तिथे पुढे कारेल झेमान आणि हेर्मिना तिर्लोवा यांनी बाहुल्यांचे आणि ॲनिमेशनचे सिनेमे केले. १९६१ पासून गावात मुलांच्या चित्रपटांचा महोत्सव भरतो. बुटांचा कारखाना बंद पडला, हा महोत्सव चालू आहे.

करीरोड

मी गिरणगावात वाढलो. १९८२ चा संप मी लहानपणी घरात पाहिला. वडील त्यानंतर परत कधी गिरणीत गेले नाहीत. आमच्याकडे साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, जागी मॉल आणि टॉवर आले. चिमणी कुठे ठेवली असेल तर शोभेपुरती. त्यामुळे विचारतो: झ्लीनमध्ये ती सगळी जमीन एका बिल्डरच्या घशात कशी गेली नाही?

उंबरठा

करीरोड, एक कारण कायद्याचं. १९९० मध्येच शहराचा हा भाग वारसा क्षेत्र म्हणून जाहीर झाला. दुसरं कारण मालकीचं. स्वित मोडीत निघाल्यावर इमारती वेगवेगळ्या मालकांकडे गेल्या. त्यामुळे आज एका इमारतीत ऑफिसं, दुसरीत दुकानं, तिसरीत राहती घरं, चौथी रिकामी, असं चित्र आहे. सगळं वाचलं असं नाही, काही इमारती पाडल्याही गेल्या.

आणि मूळ मुद्दा परत सांगतो. गिरणीचं शेड कापसाच्या यंत्रांसाठी बांधलेलं असतं. झ्लीनच्या इमारती सुट्या सुट्या, मध्ये मोकळी जागा, प्रत्येक मजल्यावर चारी बाजूंनी उजेड. एकेक इमारत स्वतंत्रपणे विकता आणि बदलता येते. दुसरं म्हणजे बाटा फक्त बूट करत नव्हता. बुटांची यंत्रं तो स्वतः बनवायचा, रबर करायचा, विमानंही बनवायचा. त्यातून यंत्र-हत्यारांचा उद्योग उभा राहिला, शेजारच्या ओत्रोकोवित्सेला टायरचा कारखाना आहे. बूट गेले तेव्हा गावात दुसरं काम शिल्लक होतं. गिरणगावात कामगारांसाठी असं काय शिल्लक ठेवलं होतं?

करीरोड

काहीच नाही. राहत्या खोल्यांवर हक्क होता तेवढा, आणि त्यासाठीही लढावं लागलं.

कुंडलकर

किर्लोस्करवाडीचा उल्लेख व्हायला हवा. १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या माळरानावर लक्ष्मणरावांनी वसवलेली. तिथेही कारखाना, घरं, शाळा एका विचाराने आली. आमचे आजोबा तिथे होते, त्यांच्या बोलण्यात ‘वाडी’बद्दल जिव्हाळाच असायचा, शिस्तीची तक्रार कधी नसायची. झ्लीनच्या म्हाताऱ्या लोकांचं काय, उंबरठा?

उंबरठा

जुन्या कामगारांच्या घरांतल्या लोकांशी बोलणं होतं तेव्हा अभिमान पहिला दिसतो. ‘आम्ही बाटाची माणसं’ असं सांगताना आवाज बदलतो. त्याच माणसांकडून पुढे ऐकायला मिळतं की शेजारी काय पाहतोय याची धास्ती असायची. कम्युनिस्ट राजवटीत बाटाचं नाव घेणंच अवघड झालं होतं, त्यामुळे घराघरात ते नाव जपलं गेलं आणि आठवण अधिक उजळ झाली असावी, असं मला वाटतं. खडकवासला यांना हे पटणार नाही, पण त्या आठवणीचा मान मी ठेवतो.

खडकवासला_७१

पटतं. माणसांच्या आठवणीला मी खोटं म्हणणार नाही. ज्यांना काढून टाकलं त्यांची घरं मात्र त्या टेकडीवर उरली नाहीत, म्हणून त्यांच्या आठवणी तुम्हाला भेटत नाहीत. एवढी नोंद असू द्या.

उंबरठा

नोंद घेतली, आणि तुमचं हे वाक्य मूळ लेखात असायला हवं इतकं मोलाचं आहे.

निशिगंध

पुढच्या वर्षी प्रागला येणं आहे. झ्लीनला एक दिवस पुरेल का? काय काय पाहावं?

उंबरठा

प्रागहून सकाळच्या गाडीने ओत्रोकोवित्सेला या, तिथून झ्लीन दहाएक किलोमीटर. ट्रॉलीबस मिळते, ती इथे १९४४ पासून आहे. आधी २१ मध्ये जा: लिफ्टमधलं ऑफिस पाहता येतं आणि गच्चीवरून सगळ्या गावाची आखणी एका नजरेत कळते. मग १४ मधलं संग्रहालय, त्याला दोन तास तरी द्या. ते सोमवारी बंद असतं, तेव्हा वार पाहून या. चढ चढायची तयारी असेल तर गाहुराने १९३३ मध्ये उभारलेलं तोमाशचं स्मारक. नुसती काच आणि काँक्रीट. मध्यंतरी त्यात बरेच बदल झाले होते, ते काढून २०१९ मध्ये मूळ रूपात उघडलं, आणि आत त्याच्या विमानाची प्रतिकृती टांगली आहे. दुपारी लेत्ना किंवा झालेश्ना भागातल्या जोडघरांमधून पायी फिरा. घरं आता लोकांच्या मालकीची आहेत, तेव्हा फोटो विचारून काढा.

आणि रापी, तुम्ही कधी या बाजूला आलात तर १४ मध्ये तुमच्याबरोबर मी येईन. तिथली जुनी शिवणयंत्रं आणि लाकडी कलबुतं (ज्यांच्यावर जोडा बेततात ते पायाच्या आकाराचे ठोकळे) तुमच्या नजरेतून पाहायची आहेत. चेक बोलण्याचं मी बघेन, कातड्याचं तुम्ही सांगा.

रापी

येणार. वडिलांची आरी घेऊन येतो, तिथल्या लोकांना दाखवू.